सेंटर अव्हेन्यूवरचं दुकान

२०१३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरात, सेंटर अव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर एक किराणा-भाजीचं दुकान उघडलं. आकार सुमारे तीस हजार चौरस फूट, म्हणजे अमेरिकी सुपरमार्केटच्या मानाने बेताचाच. पण ज्या वस्तीत ते उघडलं, त्या हिल डिस्ट्रिक्टमध्ये तीस वर्षांहून जास्त काळ असं एकही दुकान नव्हतं. २०१९ च्या मार्चमध्ये त्याला टाळं लागलं. म्हणजे जेमतेम साडेपाच वर्षं.

दुकानं उघडतात आणि बसतात, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. हे दुकान वेगळं ठरलं ते त्याच्यावर असलेल्या नजरेमुळे. ते उघडायच्या दोन वर्षं आधीपासून रँड या संस्थेचे संशोधक या वस्तीत घरोघरी जाऊन लोक काय खातात, सामान कुठून आणतात, त्यांची उंची-वजनं किती, हे टिपून ठेवत होते. दुकान उघडल्यावर ते पुन्हा त्याच घरांत गेले. गरीब वस्तीत चांगलं दुकान आणलं तर तिथल्या लोकांचं खाणं सुधारतं का, हा प्रश्न एरवी ज्याच्या त्याच्या मतावर चालतो. इथे त्याचं मोजून उत्तर मिळालं, आणि ते कुणाच्याच सोयीचं निघालं नाही.

टेकडी

हिल डिस्ट्रिक्ट नावाप्रमाणे टेकडीवरच आहे. पश्चिमेच्या उतारावर शहराचा मुख्य व्यापारी भाग, पूर्वेला विद्यापीठं आणि मोठी रुग्णालयं असलेलं ओकलंड. उत्तरेकडच्या कड्याखाली स्ट्रिप डिस्ट्रिक्ट ही घाऊक बाजाराची जुनी पट्टी. १९२० च्या दशकात रेल्वे कंपनीने फळं-भाज्यांच्या लिलावासाठी बांधलेली लांबलचक इमारत तिथे अजून उभी आहे. शहरात येणारी सफरचंदं, बटाटे, कोबी पिढ्यानपिढ्या या टेकडीच्या पायथ्याशी उतरत आले. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर शहरातल्या फार थोड्या वस्त्या ताज्या भाजीच्या इतक्या जवळ असतील. पण मध्ये कडा आहे, आणि घाऊक बाजार चार कांदे विकत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिल हे पिट्सबर्गमधल्या कृष्णवर्णीयांचं गजबजलेलं केंद्र होतं. जॅझचे क्लब, अमेरिकाभर वाचलं जाणारं ‘पिट्सबर्ग कुरिअर’ हे वृत्तपत्र, न्हावी, शिंपी, खाटीक, वाणी, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. १९५६ पासून नगर पुनर्विकासाच्या नावाखाली टेकडीचा खालचा भाग, लोअर हिल, पाडायला घेतला. ९५ एकर जमीन मोकळी झाली. सुमारे ८,००० माणसं उठली, आणि चारशेहून अधिक लहानमोठे धंदे. त्या जागी १९६१ मध्ये पोलादी घुमटाचं भव्य प्रेक्षागृह उभं राहिलं, सिव्हिक अरीना. त्याचं छप्पर सरकवून उघडता यायचं, म्हणजे लोकांना चांदण्यात बसून संगीतिका बघता यावी. भोवताली गाड्या लावायच्या जागा. पाडापाडी आणखी वर सरकू लागली तेव्हा रहिवाशांनी क्रॉफर्ड स्ट्रीट आणि सेंटर अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर फलक लावला: याच्या पुढे पुनर्विकास नाही. पाडापाडी तिथे थांबली. वस्तीची घसरण मात्र थांबली नाही.

१९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दंगलीत हिलमधल्या उरलेल्यांपैकी कितीतरी दुकानंही जळाली. पुढच्या दोन दशकांत पोलादाचे कारखाने बंद पडत गेले. १९५० मध्ये पिट्सबर्गची लोकसंख्या पावणेसात लाख होती. २०१० मध्ये ती तीन लाखांच्या थोडी वर उरली. हिलने तर १९५० ते १९९० या काळात आपली सत्तर टक्के माणसं गमावली.

हा आकडा मुद्दाम इथे ठेवतो, कारण पुढे दुकानाच्या हिशेबात तो परत येणार आहे. दुकान वस्ती सोडून गेलं असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आधी गिऱ्हाईक गेलं, आणि तेही आपल्या पायांनी नव्हे.

जाता जाता एक आडवळण. १९६७ मध्ये हिलमध्ये फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. रुग्णालयात पोचण्याआधीच उपचार सुरू करणाऱ्या प्रशिक्षित पॅरामेडिकांच्या अमेरिकेतल्या पहिल्या काही सेवांपैकी ही एक, आणि ती चालवणारे याच वस्तीतले कृष्णवर्णीय तरुण. या संस्थेचा आधीचा उद्योग होता ट्रकमधून गरजू घरांपर्यंत भाजी पोचवण्याचा. म्हणजे टेकडीवर भाजी मिळत नाही ही तक्रार २०१३ च्या कितीतरी आधीची होती, आणि त्यावर वस्तीने स्वतःच हातपाय हलवले होते. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा सुरू करून ती रुग्णवाहिका बंद केली.

दुकान कसं आलं

२००७-०८ मध्ये शहरातल्या आइस हॉकीच्या संघासाठी, पेंग्विन्ससाठी, नवं क्रीडागृह बांधायचं ठरलं, आणि तेही जुन्या घुमटाच्या अगदी शेजारी. या वेळी वस्ती सावध होती. शंभराच्या आसपास संस्था, चर्च, मंडळं ‘वन हिल’ या आघाडीखाली एकत्र आली आणि बांधकामाच्या बदल्यात वस्तीला काय मिळणार ते लिहून द्या, म्हणून अडून बसली. ऑगस्ट २००८ मध्ये करार झाला. पिट्सबर्गमधला असा हा पहिलाच. त्यात स्थानिकांना नोकरीत प्राधान्य होतं, वस्तीचा आराखडा होता, आणि किराणा दुकानासाठी २० लाख डॉलर होते: निम्मे हॉकी संघाचे, निम्मे शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाचे. ज्या प्राधिकरणाच्या कारकिर्दीत खालची दुकानं पाडली गेली, त्याच्याच तिजोरीतून जवळपास साठ वर्षांनी एक दुकान परत आलं, असं म्हणायला हरकत नाही.

पैसे कबूल झाले तरी दुकानदार मिळेना. हे समजण्यासारखं आहे. अमेरिकेत किराण्याच्या धंद्यात शंभर डॉलरच्या विक्रीवर एक ते तीन डॉलर निव्वळ सुटतात. त्यात भाजीचा विभाग सगळ्यात नाजूक. फळी भरलेली दिसली नाही तर गिऱ्हाईक हात लावत नाही, आणि भरलेली ठेवली तर न खपलेला माल तिसऱ्या दिवशी फेकावा लागतो. माणसं कमी, त्यांच्या खिशात पैसे कमी, अशा जागी हा जुगार कोण खेळणार? करारापासून दुकानाचं दार उघडेपर्यंत पाच वर्षं गेली.

तोपर्यंत लोक उपाशी बसले होते का? मुळीच नाही. ‘फूड डेझर्ट’ या शब्दाने हा एक गैरसमज करून दिला आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या व्याख्येत, शहरातल्या कमी उत्पन्नाच्या विभागात किमान ५०० माणसं किंवा एक तृतीयांश लोक सुपरमार्केटपासून ठरावीक अंतराहून, साधारण एका मैलाहून, दूर राहत असले की ते ‘अन्नाचं वाळवंट’. दारावर हातगाडी येणाऱ्या शहरात वाढलेल्या आपल्याला मैलभर अंतराचं एवढं काय, असं वाटू शकतं. पण टेकडीच्या चढावर, हिवाळ्यात, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बस बदलणं म्हणजे काय याचा विचार करावा. हिलमध्ये त्यावर तोडगा होता जिटनीचा. परवाना नसलेली, ओळखीतली खासगी गाडी. ठरलेल्या अड्ड्यावर फोन करायचा, चालक येतो, सामान उचलायलाही मदत करतो. म्हणजे दुधाच्या कॅनच्या किमतीत गाडीभाडंही धरायचं. लोक जात होते, आणणं जमवत होते. २०११ च्या पहिल्या पाहणीतच हे दिसलं होतं: बहुतेक घरांची मुख्य खरेदी सुपरमार्केटमधूनच होत होती, आणि तेही सगळ्यात जवळच्या नव्हे.

काल काय खाल्लं?

पाहणीची रचना थोडी बारकाईने बघायला हवी, कारण सगळा निकाल तिच्यावर उभा आहे. संशोधकांनी दोन वस्त्या घेतल्या: हिल, आणि शहराच्या पूर्वेची होमवुड. दोन्ही बहुसंख्य कृष्णवर्णीय, दोन्ही गरीब, दोन्हींत मोठं दुकान नाही. हिलमध्ये ते येणार होतं, होमवुडमध्ये नाही. २०११ मध्ये दोन्हीकडची मिळून १,३७२ घरं नोंदली. २०१४ मध्ये, दुकान रुळल्यावर, पुन्हा गाठ घेतली. आधीची आणि नंतरची अशी दोन्ही माहिती ८३१ जणांची हाती आली.

आहाराची माहिती घेण्याची रीत म्हणजे चोवीस तासांची आठवण. ‘तुम्ही भाज्या खाता का?’ असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. म्हणून प्रश्न असतो: काल उठल्यापासून काय काय खाल्लं? आधी मोटामोटी यादी. मग मधल्या फटी: नाश्ता आणि जेवण यांच्यामध्ये सहा तास गेले, तेव्हा काहीच नाही? मग तपशील: कॉफीत साखर किती, दूध कुठलं, ब्रेडला काय लावलं, ग्लास केवढा. आणि शेवटी विसरल्या जाणाऱ्या गोष्टींची फेरी: चघळायला काही, सोड्याचा एखादा कॅन, मुलाच्या ताटात उरलेलं. काही दिवसांनी हेच परत, दुसऱ्या एका ‘काल’बद्दल. माणूस स्वतःला फसवतो ते याच फटींमध्ये, त्यामुळे ही रीत कंटाळवाणी असली तरी बऱ्यापैकी प्रामाणिक आहे.

नोव्हेंबर २०१५ मध्ये तमारा डुबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘हेल्थ अफेअर्स’ या नियतकालिकात निकाल मांडले. होमवुडच्या तुलनेत हिलमधल्या लोकांच्या आहाराचा दर्जा सुधारला होता. रोजच्या कॅलरी कमी, वरून घातलेली साखर कमी, घट्ट चरबी-साखर-मद्य यांतून येणाऱ्या उष्मांकांचा वाटा कमी. ‘तुलनेत’ हा शब्द जपून वाचायचा: हिलमधली माणसं रातोरात पथ्यावर गेली असा त्याचा अर्थ नाही, दोन वस्त्यांमधला फरक हिलच्या बाजूने पडला एवढाच. फळं-भाज्यांच्या बाबतीत मात्र फरक नाही. अख्ख्या धान्यांत नाही. वजनात नाही.

आणि खरी गोम पुढेच आहे. जे लोक नव्या दुकानात नेमाने जात होते आणि जे जात नव्हते, त्यांच्या आहारातल्या सुधारणेत फरक सापडला नाही. दुकानात पाऊल न टाकणाराही तेवढाच सुधारला होता. नेमाने जाण्याशी जोडलेली एकच गोष्ट निघाली: आपल्या भागात चांगलं खाणं मिळतं, ही भावना.

म्हणजे औषध आणलं, रोग थोडा हटला, पण औषध न घेतलेल्यांचाही हटला. डॉक्टर अशा वेळी डोकं खाजवतो. मला यातला सगळ्यात पटणारा अर्थ असा: त्या काळात सेंटर अव्हेन्यूवर एकटं दुकान आलं नव्हतं. २००८ मध्ये नवं वाचनालय आलं होतं, २०१२ मध्ये व्यायामशाळेसह वायएमसीए. जुन्या अॅडिसन टेरेस या सरकारी चाळींच्या जागी नवी घरं उठत होती. आपल्या वस्तीवर पैसा खर्च होतोय, कुणीतरी लक्ष देतंय, हे पन्नास वर्षांत पहिल्यांदा दिसत होतं. आणि हिलमधल्या लोकांचं वस्तीबद्दलचं समाधान वाढल्याचं त्याच पाहणीत आलं. भोवतालचा रस्ता बदलला की माणूस सोड्याचा दुसरा कॅन उघडताना का थबकतो, हे चोवीस तासांच्या आठवणीत पकडता येत नाही. पण माझ्या मते ते तिथेच कुठेतरी आहे. २०१७ मध्ये याच पाहणीवरून आणखी एक निष्कर्ष आला: होमवुडच्या तुलनेत हिलमध्ये अन्नाची चणचण घटली होती, आणि कोलेस्टेरॉल वाढल्याची नवी निदानंही कमी होती.

हिलचा अनुभव एकट्याचा नव्हता. फिलाडेल्फियातल्या नव्या दुकानाचा अभ्यास २०१४ मध्ये आला होता. तिथे लोकांना दुकान जवळ आल्याचं जाणवलं, खाण्यात आणि लठ्ठपणात काहीच हललं नाही. २०१९ मध्ये, म्हणजे हिलमधलं दुकान बंद झालं त्याच वर्षी, अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने देशभरच्या खरेदीच्या नोंदींवरून हिशेब मांडला: गरीब घरांना श्रीमंत घरांइतकाच माल, त्याच भावात उपलब्ध करून दिला, तरी दोघांच्या पोषणातली दरी फक्त दहाएक टक्क्यांनी बुजेल. हा आकडा हाती लागताच काहींनी लगेच निकाल दिला की गरिबांनाच चांगलं खायचं नाही. ही घाई आहे. ‘मागणी’ या शब्दाच्या पोटात वेळ आहे, स्वयंपाकघर आहे, दोन पाळ्यांची नोकरी आहे, आणि फेकून द्यावी लागली तर परवडणार नाही म्हणून न घेतलेली पालकाची जुडीही आहे.

गल्ला

दुकान का बसलं? विक्री होत नव्हती, हे उत्तर खरं आहे आणि अपुरं आहे.

माझं लक्ष जातं ते २०११ च्या पहिल्या पाहणीकडे. तिच्यातून २०१४ मध्ये एक वेगळा निबंध निघाला होता. दुकानाचं अंतर आणि दुकानातले भाव, दोन्हींचा लठ्ठपणाशी संबंध दिसत होता. दोन्ही एकत्र मांडल्यावर अंतर गळून पडलं, भाव उरले. महाग दुकानात जाणारे लठ्ठ असण्याची शक्यता कमी. स्वस्त आणि महाग दुकानांत फळं-भाज्या मिळण्यात फरक नव्हता. फरक होता मांडणीत, म्हणजे वेफर्स आणि सोडा समोर किती, त्यांची जाहिरात किती. याचा दुकानदाराच्या बाजूने अर्थ असा निघतो: इथलं गिऱ्हाईक भावासाठी जवळचं दुकान ओलांडून लांब जातं. आज जवळचं नाहीच, उद्या जवळचं आलं आणि दोन पैशांनी महाग असलं, तर महिन्याचं मोठं सामान अजूनही लांबूनच येणार. जवळच्या दुकानाच्या वाट्याला संपलेलं दूध, अंडी, ब्रेड. अशा फुटकळ बिलांवर तीस हजार चौरस फुटांचा दिवाबत्तीचा खर्च निघत नाही. निबंध मागाहून निघाला, पण त्यामागची माहिती दुकान उघडायच्या आधीच गोळा झाली होती. ते आरोग्याच्या वहीत लिहिलेलं होतं, धंद्याच्या वहीत कुणी उतरवून घेतलं नाही.

त्यात भर पडली वेळेची. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्नखरेदीसाठी सरकारकडून दरमहा कार्डावर रक्कम मिळते, ‘स्नॅप’. पेनसिल्व्हेनियात ती महिन्याच्या पहिल्या दहा कामकाजाच्या दिवसांत विभागून जमा होते. अशा वस्तीतल्या दुकानाचा महिना त्यामुळे एका बाजूला कलतो: पहिला पंधरवडा रांगा, नंतरचा पंधरवडा माशा मारायच्या. नोकर आणि भाजीची फळी मात्र तीसही दिवस लागते. २००९ च्या मंदीत ही रक्कम तात्पुरती वाढवली होती. ती वाढ १ नोव्हेंबर २०१३ रोजी संपली, आणि चौघांच्या कुटुंबाची कमाल रक्कम महिन्याला ३६ डॉलरने घटली. हिलमधलं दुकान उघडून तेव्हा महिनाही झाला नव्हता. एका हाताने दुकान दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याच दुकानाच्या गिऱ्हाइकाच्या खिशातून पैसे काढून घेतले. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या टेबलांवर झाले, त्यात कट वगैरे काही नाही. केवळ यामुळे दुकान बुडालं असंही मी म्हणणार नाही. पण पहिल्याच हिवाळ्याच्या तोंडावर हे होणं चांगलं नव्हतं.

आणि शेवटी ती सत्तर टक्के माणसं. १९५० च्या हिलमध्ये असं दुकान आरामात चाललं असतं, खरं तर तसली कितीतरी चालत होतीच. २०१३ मध्ये दुकान परत आणता आलं, त्याच्या भोवतीची माणसं आणता आली नाहीत. इमारतीला वीस लाख डॉलरचं आणि इतर अनुदानांचं पाठबळ मिळालं. रोजच्या तोट्याला मिळालं नाही. वाचनालय फायद्यात चालावं अशी अपेक्षा सेंटर अव्हेन्यूवर कुणी करत नाही. दुकानाकडून एकाच वेळी दोन अपेक्षा होत्या: त्याने सार्वजनिक दवाखान्यासारखं लोकांचं आरोग्य सुधारावं, आणि दुकानासारखा स्वतःचा खर्चही काढावा. मोजणाऱ्यांनी पहिल्या विषयात संमिश्र गुण दिले, दुसऱ्या विषयात ते पाच वर्षांनी नापास झालं. बंद होताना दुसराच विषय धरला गेला. वस्तीबद्दलचं वाढलेलं समाधान कुठल्याच ताळेबंदात जमेला धरत नाहीत, त्यामुळे ते गेलं तर खर्चातही पडत नाही.

बंद झाल्यावर ती जागा जवळपास पाच वर्षं रिकामी होती.

होमवुडबद्दल एक सांगायचं राहिलं. तुलनेसाठी निवडलेल्या या वस्तीतल्या लोकांनाही संशोधकांनी तेच प्रश्न विचारले, २०११ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये. कॉफीत साखर किती, ब्रेडला काय लावलं, ग्लास केवढा. त्यांनी सगळं नीट आठवून सांगितलं. त्यांच्या उत्तरांशिवाय हिलच्या दुकानाबद्दल वरचं एकही वाक्य लिहिता आलं नसतं. दुकान त्यांना मिळायचंच नव्हतं, पाहणीची अट तीच होती.